औषधमुक्त इमारत

माणसाने एकदा मनाशी पक्का निश्चय केला की त्याच्यापुढे कोणताही आजार टिकत नाही, हे चारकोपच्या सेक्टर पाचमधल्या सहजीवन सोसायटीने जगाला दाखवून दिलं. दाखवून द्यायला अकरा महिने लागले. खोटं ठरायला एक रविवार पुरला.

झालं असं, की साठ बिऱ्हाडांच्या या सोसायटीत मागच्या वर्षी तपासणी शिबिर भरलं आणि एकेचाळीस जणांना मधुमेह निघाला. अध्यक्ष दशरथ परुळेकर यांना हे फार लागलं. रंगाच्या कारखान्यात चौतीस वर्षं गोदाम सांभाळून ते निवृत्त झाले होते, आणि आपल्या ताब्यातल्या जागेत कुठलीही गोष्ट ठरल्यापेक्षा जास्त झालेली त्यांना खपत नसे. त्यांनी शर्कराविजय मंडळ काढलं.

मंडळाची पद्धत सोपी होती. रोज सकाळी उपाशीपोटी मेथीचं पाणी प्यायचं. दर रविवारी सकाळी सात वाजता पार्किंगमध्ये टेबल लागायचं. तळमजल्यावर भाड्याने राहणाऱ्या सुगंधा घाडी मालाडच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन होत्या. त्या प्रत्येकाच्या बोटाला सुई टोचायच्या. मशीनवर आकडा आला की परुळेकर तो नावासकट माइकवरून वाचायचे. एकशे दहाच्या आत असेल तर टाळ्या. वर असेल तर परुळेकर म्हणायचे, "आत्मपरीक्षण करावं." सलग चार रविवार टाळ्या मिळाल्या आणि औषध सोडल्याची शपथ घेतली, की शर्टाला हिरवी फीत लागायची. त्यावर छापलेलं असे, औषधमुक्त.

मोठी माणसं परीक्षेला बसली की काय करतात, ते आपल्याला ठाऊक आहे. शनिवार दुपारपासून इमारतीतली माणसं जेवण बंद करायची. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ रविवारी साडेसहाला इमारतीला अकरा फेऱ्या मारून मग रांगेत उभे राहत. सव्वाआठला टाळ्या घेतलेली मंडळी साडेआठला नाक्यावरच्या जिलेबीवाल्याकडे पुन्हा रांगेत. तरी गणपतीपर्यंत एकतीस फिती लागल्या. परुळेकर बत्तिसाव्या फितीसाठी चांगलं उदाहरण शोधत होते.

ते तिसऱ्या मजल्यावर राहत होतं. कुंडलिक इंगळे यांची मुलगी शीतल, वय सोळा.

कुंडलिक मूळचा खामगावकडचा, पोस्टात सॉर्टिंगला. पत्र चुकीच्या खणात पडू नये, एवढी एकच महत्त्वाकांक्षा बाळगून त्याने सव्वीस वर्षं नोकरी केली होती. सोसायटीत राहायला येऊन त्याला एकोणीस वर्षं झाली होती. या एकोणीस वर्षांत खुर्च्या लावायला, मांडव आवरायला, पाण्याचा टँकर आला की खाली उभं राहायला त्याला न चुकता बोलावणं यायचं. स्टेजवर कधी आलं नव्हतं. का, ते कुणी सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. दोन्ही बाजूंना ठाऊक असलेल्या गोष्टी आपल्याकडे विचारत नाहीत.

जूनमध्ये शीतल अकरावीत गेली आणि बाटल्याच्या बाटल्या पाणी प्यायला लागली. महिन्यात सात किलो उतरली. हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगितलं की हा मधुमेह वेगळा. पोटात जठरामागे स्वादुपिंड नावाचा अवयव असतो, त्यात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी असतात, त्या हिच्या शरीराने स्वतःच मारून टाकल्यात. कुणी काय खाल्लं याच्याशी संबंध नाही. इन्सुलिन बाहेरून द्यायचं, दिवसातून चार वेळा, कायम.

कुंडलिक टोचायला शिकला. पहिल्या दिवशी नुसती सुई स्वतःच्या पोटाला टोचून बघितली, मग मुलीला दिलं. सुरुवातीला दिवसाला अठ्ठावीस युनिट लागायचं. ऑगस्टमध्ये अठरा, सप्टेंबरअखेर सहा. डॉक्टर म्हणाले, "उरलेल्या थोड्या पेशींना जरा विसावा मिळालाय, म्हणून त्या काम करतायत. याला हनिमून पिरियड म्हणतात. काही महिने टिकतो, मग जातो. इन्सुलिन मात्र बंद करायचं नाही."

हा शब्द सोळा वर्षांच्या मुलीसमोर, तिच्या आईसमोर घरी जाऊन कसा उच्चारायचा, हे कुंडलिकला समजेना. त्याने तो उच्चारला नाही. घरी येऊन एवढंच म्हणाला, "सुधारणा आहे म्हणतात."

सुधारणेची बातमी जिन्याने खाली उतरली. परुळेकर स्वतः वर आले, चहा बिनसाखरेचा घेतला आणि म्हणाले, "इंगळे, हे आपल्या मेथीच्या पाण्याचं यश आहे. दसऱ्याला सकाळी नऊ वाजता खाली या. सहकुटुंब."

दसऱ्याच्या सकाळी कुंडलिक दरवर्षी पांढरा शर्ट घालून आठ वाजताच विहारात पोचलेला असायचा. त्या वर्षी तो पांढरा शर्ट घालून पार्किंगमध्ये उभा राहिला. विहारात अकराला जाऊ, म्हणाला. परुळेकरांनी त्याच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि माइकवरून विचारलं, "अठ्ठावीसवरून सहा. आता सहावरून शून्यावर यायला किती वेळ लागतो, इंगळे?"

माइक पुढे आला. समोर साठ घरांतली माणसं. कुंडलिकने आयुष्यात कधी माइक धरला नव्हता.

"आजपासूनच," तो म्हणाला.

टाळ्या झाल्या. शीतलच्या ड्रेसला बत्तिसावी फीत लागली.

घरी आल्यावर त्याची बायको लता म्हणाली, "अहो, डॉक्टरांना विचारलंत का?"

"पुढच्या महिन्यात अपॉइंटमेंट आहे ना. तेव्हा विचारू."

"म्हणजे तोवर?"

"तोवर आकडा बघू. चांगला आला तर काय हरकत आहे? आयुष्यभर भोकं पाडायची का पोरीला? उद्या हिचं लग्न जमवायचंय, लते."

लग्नाचं नाव काढलं की आपल्या घरांत विज्ञान गप्प बसतं.

सुगंधाबाईंनी मात्र त्याला जिन्यात गाठलं. "इंगळेदादा, इन्सुलिन बंद करू नका. हा आपल्यासारखा मधुमेह नाही. आपलं मशीन म्हातारं झालंय, कुरकुरत चालतं. हिचं बंद पडत चाललंय."

"परुळेकर साहेब म्हणतात—"

"परुळेकरांनी रंगाचे डबे मोजले हो जन्मभर. त्यांना काय विचारता?"

कुंडलिकने मान हलवली आणि वर गेला. मग सुगंधाबाई परुळेकरांकडे गेल्या. परुळेकरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुम्ही भाडेकरू आहात. सूचना असेल तर घरमालकामार्फत लेखी द्या." घरमालक दुबईला होता.

पहिले दहा दिवस, घरी रोज बघितलेले आणि रविवारचेही, आकडे बरे आले. एकशे अठरा, एकशे सव्वीस, एकशे एकतीस. नियमात बसत नव्हते, पण लहान मुलगी म्हणून टाळ्या झाल्या. मग एकशे चौसष्ट. मग दोनशे दहा. परुळेकरांचा हिशेब सरळ होता: साखर तोंडातून आत जाते, म्हणजे तोंड बंद केलं की ती थांबली पाहिजे. शीतलचा भात बंद झाला, मग चपाती, मग केळं. ती पुन्हा बाटल्या रिकाम्या करू लागली. शरीरातली घाण बाहेर पडतेय, असं मंडळाचं मत पडलं. तिचा चुडीदार सैल झाला. "काय झकास मेंटेन केलंयस गं," लिफ्टमध्ये बायका म्हणायच्या.

पुढच्या रविवारी आकडा आला दोनशे शहाऐंशी. परुळेकरांनी तो माइकवरून वाचला. टाळ्यांची सवय झालेल्या जागेत शांतता फार मोठी वाटते.

"घरातल्या माणसांनी," परुळेकर म्हणाले, "चोरून काही खाल्लं जात नाही ना, याची खात्री करावी."

कुंडलिक मुलीचा दंड धरून वर आला.

"पप्पा, मी काही नाही खाल्लं."

"मग मशीन खोटं बोलतं?"

"मला काय माहीत. तीन दिवस काकडी खातेय मी. काकडीने वाढते का यार साखर?"

"यार कोणाला म्हणतेस?"

त्याने तिची कॉलेजची बॅग पलंगावर उपडी केली. वह्या, कंगवा, आयकार्ड, आणि आतल्या खणातून एक चॉकलेटच्या गोळ्यांचं पाकीट आणि ग्लुकोजची पुडी. हॉस्पिटलनेच ते जवळ ठेवायला सांगितलं होतं. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर कधी एकदम खाली गेली, हातपाय थरथरायला लागले, तर लगेच तोंडात टाकायला. पाकीट सीलबंद होतं. कुंडलिकच्या ते लक्षात आलं नाही, असं नाही. त्याने ते लक्षात घेतलं नाही.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

शीतलने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि वह्या गोळा करायला लागली.

सभ्य माणूस मुलीवर हात उगारत नाही. तो उपाय करतो. पुढचा आठवडा आणखी कडक गेला, आणि शुक्रवारपासून शीतलला फक्त लिंबूपाणी, असं ठरलं. दोन दिवस कडकडीत उपास झाला की रविवारी आकडा येणार नाही तर जाईल कुठे?

रविवारी सात वाजता कुंडलिक एकटाच खाली आला. "सुगंधाताई, तिचं रक्त वर येऊन घेता का? उलट्या होतायत. पोट दुखतंय म्हणते. चालवत नाही."

सुगंधाबाईंनी दारातच नाक वर केलं. खोलीत सडायला आलेल्या फळासारखा वास होता. शीतल भिंतीला टेकून बसली होती आणि धावून आल्यासारखा खोल खोल श्वास घेत होती. तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते. सुगंधाबाईंनी बोट टोचलं, पट्टी लावली.

"किती?" कुंडलिकने विचारलं.

"आकडाच नाही आला."

"म्हणजे कमी झाली?"

"मशीन सहाशेपर्यंतच मोजतं, दादा. त्याच्या वर गेलीय. रिक्षा बोलवा. लताताई, हिच्या जुन्या फायली घ्या. आत्ता."

कांदिवलीच्या हॉस्पिटलात शीतलला सरळ काचेच्या आत नेलं. अर्ध्या तासाने डॉक्टर बाहेर आले. रक्त आम्लासारखं झालंय, म्हणाले, पोटॅशियम उतरतंय, हृदयाला धोका आहे, उद्या सकाळपर्यंत काही सांगता येणार नाही. मग त्यांनी विचारलं, "इन्सुलिन कधीपासून बंद आहे?"

"दसऱ्यापासून," लता म्हणाली.

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. रागावले नाहीत. त्यांना वेळ नव्हता.

अकराच्या सुमारास परुळेकर आले. शर्टावर फीत होती. लता आत काचेपाशी उभी होती. बाहेर बाकावर कुंडलिक आणि सुगंधाबाई. परुळेकर हळू आवाजात म्हणाले, "वाईट झालं. पण इंगळे, मला एक कळत नाही. दोन दिवस उपाशी पोरगी आणि साखर सहाशेच्या वर? काहीतरी खाल्लंच असणार हो."

"मेल्या, गप बस," सुगंधाबाई म्हणाल्या.

अध्यक्षांना सोसायटीत कुणी असं बोललं नव्हतं.

कुंडलिक जमिनीकडे बघत होता. सव्वीस वर्षांत मुंबईने पुसून टाकलेली भाषा त्याच्या तोंडात आपोआप आली. "काऊन झालं असं, ताई? खरंच काही खाल्लं नव्हतं का तिनं?"

"एक दाणा नाही. ऐका. आपल्या सोसायटीत पाणी सकाळी दोन तास येतं ना? तेव्हा एक माणूस लागतो, जो ते घराघरात पोचवतो आणि उरलेलं टाकीत भरतो. आणि एक दुसरा लागतो, जो पाणी गेल्यावर टाकीचा व्हॉल्व्ह उघडतो. स्वादुपिंडात असे दोघं आहेत. भरणारा इन्सुलिन. सोडणारा ग्लुकागॉन. जेवलात की पहिला कामाला लागतो, उपाशी राहिलात की दुसरा, आणि टाकी म्हणजे आपलं यकृत. पहिला असतो तोवर दुसऱ्याचा हात आवरलेला असतो. म्हणून माणूस सकाळी उपाशी उठतो तरी चक्कर येऊन पडत नाही, आणि पोटभर जेवतो तरी मरत नाही."

"आणि शीतलचं?"

"शीतलचा पहिला गेलाय. जरा धुगधुगी होती. बाहेरून मदत मिळत होती म्हणून चार दिवस हात हलवत होता. मदत आपण काढून घेतली. आता घराघरात साखर पोचत नाही, त्यामुळे दुसऱ्याला वाटतं दुष्काळ पडलाय. तो व्हॉल्व्ह उघडून बसलाय. टाकी संपली तर अंगातलं मांस वितळवून नवीन साखर बनवायला लावतो. त्याची काही चूक नाही. त्याला थांबवणारा कुणी नाही. रस्त्यावर पाणी वाहतंय आणि घरात नळाला थेंब नाही, अशी गत. त्यात आपण पोरीला उपाशी ठेवलं. म्हणजे दुष्काळ खराच आहे अशी त्याची खात्री पटवून दिली."

"पाकीट सीलबंद होतं," कुंडलिक म्हणाला. कोणतं पाकीट, ते बाकीच्या दोघांना कळलं नाही.

एक वाजता वॉर्डबॉय जेवणाची गाडी घेऊन गेला. परुळेकरांनी सवयीने शर्टाच्या खिशात हात घातला, पट्टीतून एक गोळी काढली, बाटलीतल्या पाण्याबरोबर गिळली आणि मग त्यांच्या लक्षात आलं की समोर दोन माणसं बसली आहेत.

"ही कसली?" सुगंधाबाईंनी विचारलं.

परुळेकरांनी बाटलीचं झाकण लावलं. ते नीट बसेना. "तीच."

"सोडली होती ना तुम्ही?"

"आठ दिवस सोडली होती. तीनशेवर गेली. मग पुन्हा सुरू केली." ते कुंडलिककडे बघत नव्हते. "अध्यक्षच नापास झाला तर मंडळ कसं चालणार?"

"आणि बाकीचे तीस?"

"त्यांचं मला माहीत नाही."

"मला आहे," सुगंधाबाई म्हणाल्या. "नाक्यावरच्या मेडिकलवाल्या चंद्रप्रकाशला विचारलं होतं मी. मधुमेहाच्या गोळ्यांचा खप एका पट्टीने कमी झालेला नाही. फक्त हल्ली लोक वर्तमानपत्रात गुंडाळून मागतात, म्हणाला."

मित्रहो, म्हणजे बत्तीस औषधमुक्तांत आपल्या शब्दाला जागलेली व्यक्ती एकच होती, आणि ती काचेच्या आत होती!

कुंडलिकला राग यायला हवा होता. तो उठून काचेपाशी गेला आणि लताच्या शेजारी उभा राहिला. परुळेकरांनी शर्टावरची फीत काढली, तिचं काय करायचं ते न सुचून हातात धरून ठेवली.

शीतल वाचली. नवव्या दिवशी घरी आली. आता दिवसाला चाळीस युनिट लागतं. डॉक्टर म्हणाले, उरल्यासुरल्या पेशीही गेल्या असाव्यात. त्या वेळेआधी गेल्या का, असं लताने विचारलं, तेव्हा त्यांनी खांदे उडवले.

ती पहिल्यासारखीच कॉलेजला जाते. घरी आली की बॅगेच्या सगळ्या चेन उघडते आणि बॅग टेबलावर ठेवते. दोन-तीन दिवसांनी कुंडलिक म्हणाला, "बंद कर गं ती."

"असू दे पप्पा. बघायला सोपं पडतं."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर त्याला बरं वाटलं असतं.

त्यानंतर कुंडलिकने एकोणीस वर्षांत केली नव्हती अशी गोष्ट केली. त्याने साध्या कागदावर अर्ज लिहिला: मंडळ बंद करावं, माइकवरून आकडे वाचणं थांबवावं, आणि त्यासाठी विशेष सभा घ्यावी. अशा मागणीला बारा सह्या लागतात. त्या गोळा करायला तो दारोदार फिरला. कुणी म्हणालं, आमच्या घरात साखर नाही हो, आम्हाला कशाला. कुणी म्हणालं, मुलगी बरी आहे ना आता, मग झालं तर. एकाने सही केली आणि बायको ओरडल्यावर खोडली. शेवटचं दार परुळेकरांचं होतं. तोवर अकरा झाल्या होत्या. बारावी त्यांनी केली.

सभा पार्किंगमध्ये भरली. परुळेकरांनी माइक घेतला नाही. उभे राहून म्हणाले, "मी बारा वर्षं गोळी घेतोय. आजही घेतली. इथे ज्यांनी खरंच औषध सोडलंय, त्यांनी हात वर करावा."

एकही हात वर झाला नाही. बरेच जण छताकडे बघायला लागले. तिथे पाइपांशिवाय काही नव्हतं.

मग कुंडलिक बोलला. त्याला बोलता येत नव्हतं, म्हणून थोडकं बोलला. "परुळेकर साहेबांना मी दोष देत नाही. शाल माझ्या खांद्यावर होती. ती उतरू नये म्हणून मी पोरीचं औषध बंद केलं. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं. मी ते घरात सांगितलं नाही. तिने खरं सांगितलं, तर मी मशीनवर विश्वास ठेवला, तिच्यावर नाही. तुम्हाला औषध लागत असेल तर घ्या. लपवू नका. तुम्ही लपवता, आणि समोरच्याला वाटतं की आपल्यालाच जमत नाहीये. एवढंच."

तो खाली बसला. सुगंधाबाईंना बोलायचं होतं, पण सभेत भाडेकरूला बोलता येत नाही.

या हकिकतीतून घेण्यासारखं जे आहे, ते अवघड नाही. शरीरातल्या दोन कामगारांचा तोल आपल्या निश्चयावर चालत नाही; तो बिघडला तर बाहेरून सावरावा लागतो, आणि सावरणं ही हार नव्हे. ज्या डॉक्टरने औषध दिलं, ते बंद करायचा अधिकार त्यालाच आहे. तो शेजाऱ्याला नाही, मंडळाला नाही, आणि प्रेमाला तर मुळीच नाही. आजाऱ्याचा आकडा ही त्याची गुणपत्रिका नसते. आणि आपण चोरून गोळी घेऊन चारचौघांत निश्चयाच्या गोष्टी सांगतो, तेव्हा आपल्याला काही होत नाही. होतं ते आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्याला. त्या सभेतल्या प्रत्येकाला हे पटलं. दोघी-तिघींनी डोळे पुसले. मंडळ विसर्जित करण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला.

सभेला सतरा सभासद हजर होते. गणपूर्तीला वीस लागतात. सभासदांच्या मागणीवरून बोलावलेली सभा गणपूर्तीअभावी रद्द होते, आणि रद्द झालेल्या सभेत ठराव होत नाही. शर्कराविजय मंडळ कागदोपत्री चालू आहे.